राखीव रंग

स्मरणिकेसाठी 'शाळेतील एक संस्मरणीय अनुभव' लिहून द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र हाती आले, तेव्हा मी बरेच दिवस कोऱ्या कागदासमोर बसून होते. तीस वर्षे इतिहास शिकवल्यानंतर अनुभवांची वाण नसते. अडचण निवडीची असते. दहावीचे निकाल, धम्म सहली, वसतिगृहातील पहिल्या रात्री रडणारी आणि निरोपाच्या दिवशी त्याहून अधिक रडणारी मुले, यांविषयी माझे सहकारी माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी लिहिणार आहे ते बहात्तर ठिपके रुंद आणि बहात्तर ठिपके उंच अशा एका शिपायाविषयी. तो आपल्या शाळेच्या संगणक कक्षात जन्मला आणि त्याला नीट चेहरा मिळावा म्हणून आम्ही जवळजवळ तीन महिने झटलो.

देवळाली कॅम्पात राहणाऱ्याला शिपाई नवा नसतो. १८६० च्या दशकापासून हे गाव छावणीचे. इंग्लंडला परतणारे गोरे सैनिक येथे जहाजाच्या प्रतीक्षेत महिनोन्महिने पडून राहत आणि कंटाळून भ्रमिष्टासारखे वागत, म्हणून इंग्रजी भाषेत 'डूलाली' हा शब्दच आपल्या गावावरून पडला. आजही तोफखाना प्रशालेचा सराव सुरू असला, की वर्गाच्या खिडक्या थरथरतात आणि मुले मान वर न करता लिहीत राहतात. माझे वडील याच कॅम्पात बराकींचे रंगकाम करीत. गेरू, चुना आणि तेलरंग यांच्या वासात माझे बालपण गेले. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल, म्हणून येथे नोंदवून ठेवते.

गोष्ट नोव्हेंबर २०१७ ची. दिवाळीची सुट्टी संपून मुले नुकतीच परतली होती. सायंकाळच्या अभ्यासाच्या तासाला नववीतील एक मुलगा जागेवर नव्हता. शोधत गेले तर महाशय संगणक कक्षात. पडद्यावर षटकोनी घरांचा पट आणि त्यावर ढाल-तलवारी घेतलेली चित्रे. मी त्याला तिथेच फैलावर घेतले. "आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबून तुला इथे ठेवतात, ते खेळ खेळायला का?" असे एक ठेवणीतले वाक्यही ऐकवले. तो काही बोलला नाही. हातातला कागद मात्र पाठीमागे लपवू लागला. मी तो ओढून घेतला आणि खोलीवर येऊन उघडला. त्यावर स्केचपेनने एक शिपाई काढला होता. लाल कोट, छातीवर पांढरे आडवे-तिडवे पट्टे, हातात लांब बंदूक. खाली लिहिले होते : 'कोरेगावचा शिपाई. १ जानेवारी १८१८.'

तो धडा दोन महिन्यांपूर्वी मीच शिकवला होता. द्विशताब्दी तोंडावर आली होती. पाठ्यपुस्तकात नसलेले चार तपशील मी फळ्यावर लिहून दिले होते. कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखालची सुमारे आठशेंची तुकडी, मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा. जयस्तंभावर कोरलेल्या ४९ नावांपैकी 'नाक' या प्रत्ययाने संपणारी २२ नावे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे दिलेली भेट. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले असेल, परीक्षेत लिहितील आणि विसरतील, असे मी धरून चालले होते. या मुलाने मात्र माझा धडा रंगात उतरवायला घेतला होता आणि मी त्याला कामचुकार ठरवून मोकळी झाले होते. दुसऱ्या दिवशी मी कागद परत केला. "मला दाखव, काय करतोस ते," असे म्हटले. चूक झाली, असे शब्दांत म्हणायला मला आणखी काही आठवडे लागले.

त्या खेळाचे नाव 'बॅटल फॉर वेसनॉथ'. २००३ साली डेव्हिड व्हाइट या प्रोग्रॅमरने तो सुरू केला आणि पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवला. तो फुकट आहे, जुन्या संगणकावर चालतो आणि त्याची चित्रे व मजकूर कोणालाही उघडून बदलता येतात. बुद्धिबळासारखा पाळीपाळीने खेळायचा. प्रत्येक शिपायाचे चित्र ७२ बाय ७२ ठिपक्यांच्या चौकटीत बसलेले. म्हणजे एकूण ५१८४ ठिपके. इतक्यात डोके, हातपाय, बंदूक आणि सावली सारे आले पाहिजे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला दिलेल्या जुन्या संगणकांवर चित्रे दुरुस्त करण्याचा 'गिम्प' हा फुकट प्रोग्रॅम होता. मुलाने चित्राचा फोटो काढला, लहान केला, खेळात घातला आणि अडचणींना सुरुवात झाली.

पहिली अडचण निळ्याची. त्याने शिपायाच्या कमरेला गडद निळा पट्टा दिला होता. खेळात मात्र दोन्ही बाजूंनी हा शिपाई उभा केला, की दोघांचाही पट्टा निळाच. कोण आपला, कोण परका, कळेना. खेळाचा नियम असा, की चित्रात बाजूचा रंग जिथे हवा तिथे राणी रंग भरायचा. त्या राणी रंगाच्या ठरावीक १९ छटा आहेत. जवळजवळ काळपट लालीपासून फिक्या गुलाबीपर्यंत. खेळ सुरू झाला, की नेमक्या त्या छटांचे ठिपके शोधून त्यांच्या जागी लाल, निळा, हिरवा असा त्या बाजूचा रंग भरला जातो. बाकी ठिपक्यांना हात लागत नाही. हे समजल्यावरही मुलगा निळा सोडायला तयार होईना. "मॅडम, आपला शिपाई निळाच पाहिजे."

येथे मला इतिहासाची शिक्षिका व्हावे लागले. १८१८ साली तो शिपाई कंपनीच्या लाल कोटात लढला. त्याच्या शेजारी मराठे होते, मुसलमान होते, इतरही जातींचे लोक होते. निळा झेंडा आपल्या हाती आला तो बाबासाहेबांच्या चळवळीतून; १९४२ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने तो घरोघर पोहोचवला. आजचा रंग मागच्या शतकांवर फासला, की आपलाच इतिहास आपण पुसट करतो. शिवाय या खेळात शिपाई कोणत्याही बाजूने उभा राहू शकतो. पट्ट्याचा रंग बाजू सांगतो, माणूस सांगत नाही. मुलाने बराच विचार केला आणि पट्टा राणी रंगाचा केला. बाजूचा रंग कमरपट्ट्यावरच द्यायचा हा आमचा सोयीचा निर्णय होता, इतिहासाचा पुरावा नव्हे. तसे त्याने चित्राच्या माहितीच्या फाइलीत लिहूनही ठेवले. त्या एका ओळीने मला परीक्षेतील पैकीच्या पैकी गुणांपेक्षा अधिक आनंद दिला.

दुसरी अडचण गुलाबी झालरीची. पट्टा बाजूप्रमाणे बदलू लागला, पण त्याच्या कडेने गुलाबी ठिपक्यांची रेघ तशीच राहिली. हिरव्या बाजूचा शिपाई गुलाबी किनारीचा पट्टा बांधून उभा. मुलाने पाच वेळा पट्टा नव्याने रंगवला, पाच वेळा तेच. शेवटी चित्र आठपट मोठे करून पाहिले तेव्हा उलगडा झाला. ब्रश हे हत्यार कडा मऊ करते. राणी रंग आणि शेजारचा लाल यांच्या मिश्रणाच्या नव्या छटा तयार करते. चित्र लहान करतानाही संगणक शेजारशेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतो. या मिश्र छटा त्या १९ मध्ये नसतात, म्हणून खेळाला त्या ओळखू येत नाहीत. फोटोची जेपीजी फाइल तर साठवतानाच रंग किंचित हलवते. उपाय साधे निघाले. ब्रशऐवजी पेन्सिल वापरायची. तिची कड करकरीत असते. पट्टा मोठ्या चित्रावर न रंगवता, चित्र लहान झाल्यावर ठिपक्या-ठिपक्याने भरायचा. राणी रंग नजरेने न जुळवता १९ छटांच्या यादीतूनच उचलायचा आणि फाइल पीएनजी ठेवायची. एक गंमतही झाली. शिपायाच्या ओठांसाठी त्याने याच यादीतील एक गुलाबी छटा उचलली होती. निळ्या बाजूला उभा राहताच शिपायाचे ओठ निळे पडले. संगणक कक्षात त्या दिवशी जो हशा झाला, तो ऐकून मुख्याध्यापक डोकावून गेले.

तिसऱ्या अडचणीला हसू नव्हते. चित्र पाहायला आलेल्या दहावीतील एका मुलीने सहज विचारले, "हा गोरा कोण रे?"

मी पाहिले आणि मलाच धक्का बसला. शिपायाचा चेहरा फिकट पिवळसर गुलाबी होता. मुलाने खेळातील एका तयार चित्रातून कातडीच्या छटा जशाच्या तशा उचलल्या होत्या. स्केचपेनच्या चित्रात चेहरा कोराच होता, कारण त्याच्या संचात कातडीसाठी रंग नव्हता. इतके दिवस मी कोट तपासला, पट्टे तपासले, बंदूक ठासणीची आणि चकमकीची आहे की नाही ते तपासले. चेहरा मला खटकला नाही. इतिहासात एम.ए. केलेल्या, जयंतीच्या व्यासपीठावरून प्रतिनिधित्वावर बोलणाऱ्या बाईच्या नजरेलाही गोरा शिपाई सवयीचा होता.

मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, काळा केला की घाण दिसतो." मग हळूहळू उलगडले. आधीच्या शाळेत त्याच्या रंगावरून त्याला नाव पडले होते. ते मी येथे लिहीत नाही. त्याने चेहरा सावळा करून पाहिलाही होता. पिवळसर छटांत काळा मिसळला होता आणि त्यामुळे चेहरा राखेसारखा, मेलेल्या माणसासारखा दिसू लागला. त्याने निष्कर्ष काढला, की दोष कातडीत आहे. दोष मिश्रणात होता.

त्याच डिसेंबरात शाळेची सहल अजिंठ्याला गेली. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात मी त्याला भिंतीसमोर उभे केले. पाचव्या शतकातील त्या चित्रकारांजवळ रंग किती होते? तांबडा आणि पिवळा गेरू, काजळी, पांढरी माती, हिरवी माती आणि दूर अफगाणिस्तानातून आलेल्या नील-पाषाणाचा निळा. एवढ्यात त्यांनी गोरी, गव्हाळ, सावळी, काळीशार माणसे रंगवली, आणि काळ्या माणसाला राजाच्या दरबारात तितक्याच निगुतीने बसवले. सावळ्या चेहऱ्याची सावली तेथे राखाडी नाही, तांबूस तपकिरी आहे. नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर उजेडाचा हलका फटकारा आहे. मुलगा वहीत पेन्सिलीने काहीतरी टिपत राहिला. परत आल्यावर त्याने व्हरांड्यातील उन्हात स्वतःचा हात धरून त्याचा फोटो काढला आणि त्यातून सहा छटा निवडल्या. सर्वांत गडद छटा किंचित जांभळ्याकडे झुकलेली, मधल्या तांबूस, सर्वांत उजळ छटा पिवळसर. काळा रंग कोठेही मिसळला नाही. चेहरा पडद्यावर आला तेव्हा तो म्हणाला, "आजोबांसारखा दिसतो." त्याचे आजोबा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, हे मला त्या दिवशी कळले.

तरीही काम संपले नव्हते. फोटोवरून घेतलेल्या चित्रात कोटाच्या लालच्याच शेकडो छटा शिरल्या होत्या आणि सारे चित्र गढूळ दिसे. संगणकाच्या सरांनी सुचवले, की चित्र ३२ रंगांवर आणावे. ते आपोआप स्वच्छ होईल. गिम्पमध्ये तशी सोय आहे. बटण दाबले आणि कोट खरोखरच लखलखीत झाला. पांढरे पट्टे ठसठशीत उठले. चेहरा मात्र गेला. सहा छटांच्या जागी एक-दोन डाग उरले. डोळे नाहीत, नाक नाही. आणि पट्ट्याच्या राणी छटाही यंत्राने जरा जरा सरकवल्यामुळे बाजूचा रंग बदलेनासा झाला.

असे का व्हावे? यंत्र चित्रातील ठिपके मोजते. ज्या रंगाचे ठिपके पुष्कळ, त्या रंगाच्या वाट्याला छटा पुष्कळ येतात. ५१८४ ठिपक्यांत चेहऱ्याचे जेमतेम सत्तर. यंत्राच्या मनात कोणाविषयी आकस नव्हता. त्याने केवळ बहुमत मोजले आणि केवळ बहुमत मोजल्यामुळे चेहरा पुसला गेला. मी तो डाग पाहत बसले होते, आणि १९४७ सालच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या बाबासाहेबांच्या निवेदनाची पाने मला आठवत होती. संख्येने कमी असलेल्यांना राज्यघटनेतच संरक्षण का हवे, हे मी वर्षानुवर्षे शिकवत आले आहे. इतक्या लहान जागेत ते इतके स्पष्ट मी कधी पाहिले नव्हते.

उपाय वडिलांकडून मिळाला. ते रंगकाम सुरू करण्यापूर्वी मिसळलेल्या रंगातला एक डबा बाजूला काढून झाकून ठेवीत. "शेवटी डाग झाकायला हाच रंग लागेल, पुन्हा तसा मिसळत नाही," असे म्हणत. मी मुलाला ते सांगितले. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आधी राखीव ठेवायचे, मग उरलेले वाटायचे." गिम्पमध्ये रंगपेटी यंत्राला ठरवू न देता आपण स्वतः बनवून देता येते. आम्ही कागदावर हिशेब मांडला. कातडीला ६ छटा, पट्ट्याला त्या १९ पैकी नेमक्या ६, कोटाच्या लालला ७, पांढऱ्या पट्ट्यांना ५, बंदुकीच्या लाकडाला व लोखंडाला ६, बाह्यरेषेचा काळा १ आणि पारदर्शक १. एकूण ३२. ही पेटी यंत्राला दिली, ठिपके विखरून मिश्रणाचा आभास करण्याची सोय बंद केली आणि पुन्हा बटण दाबले. चेहरा राहिला. पट्टा बाजूप्रमाणे बदलू लागला. आणि कोटाचे काय झाले? कोटाला पूर्वीपेक्षा चार-पाच छटा कमी मिळाल्या होत्या. पण पाहणाऱ्या एकालाही त्या कमी झालेल्या दिसल्या नाहीत. आरक्षणावर मला कोणी वाद घातला, तर मी आता हा लाल कोट दाखवते.

१ जानेवारीच्या परिपाठाला तो शिपाई भिंतीवर मोठा करून दाखवला. सकाळ आनंदाची होती. सायंकाळी भीमा कोरेगावहून दगडफेकीच्या, जाळपोळीच्या बातम्या आल्या. काही मुलांचे नातलग तेथे गेलेले. वसतिगृहातील एकुलत्या फोनपाशी रात्री उशिरापर्यंत रांग होती. ३ तारखेला महाराष्ट्र बंद होता; आपले फाटकही बंद होते. त्या दिवसांत तोफांचा सराव झाला असेल-नसेल, मला आठवत नाही. शांतता मात्र आठवते. त्या मुलाने पुढे दोन आठवडे संगणक उघडला नाही. मीही आग्रह केला नाही. मात्र एका सायंकाळी त्याला बोलावून मी म्हणाले, "नोव्हेंबरात मी तुला ओरडले, ती माझी चूक होती." तो नुसता हसला.

जानेवारी सरता सरता तो स्वतःहून माझ्याकडे आला. "मॅडम, एका शिपायाने खेळ होत नाही. समोरचा पण काढावा लागेल." पेशव्यांच्या बाजूने अरब शिपाई मोठ्या संख्येने लढले होते, हे मी वर्गात सांगितले होते. त्याने तो काढायला घेतला. मला मनातून भीती होती. जे पंधरवड्यापूर्वी घडले, ते या चेहऱ्यावर उतरेल, राग रंगातून बाहेर पडेल, असे वाटत होते. चित्र पूर्ण झाल्यावर त्याने ते आठपट मोठे करून दाखवले. दाढी, फेटा, कमरेचा जंबिया. चेहऱ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "याच्या कातडीला पण सहाच ठेवल्यात." मी काही बोलले नाही. त्रिशरण-पंचशील आपण रोज सकाळी म्हणतो. त्याचा अर्थ कोणाला कुठे सापडेल, हे शिक्षकाला ठरवता येत नाही.

तो मुलगा आज नाशिकमध्ये फलक छपाईच्या व्यवसायात आहे. १४ एप्रिलच्या आधी त्याच्याकडे रात्रंदिवस काम असते. गेल्या वर्षी भेटायला आला, तेव्हा सांगत होता, की फलकांवर बाबासाहेबांचा आणि रमाईंचा चेहरा गुलाबी करून मागणारे अजूनही येतात. तो त्यांना खुर्चीवर बसवतो, चहा देतो आणि दोन्ही चेहरे शेजारी शेजारी दाखवतो. बहुतेक लोक दुसरा निवडतात, असे म्हणाला.

माझ्या शिकवण्यातही एक बदल झाला. मुलांनी काढलेले कोणतेही चित्र, लिहिलेला कोणताही निबंध, बसवलेले कोणतेही नाटक पाहताना आता मी आधी भरगच्च लाल कोटाकडे पाहत नाही. सत्तर ठिपके कोठे आहेत आणि त्यांच्यासाठी कोणी काही राखून ठेवले आहे का, ते आधी पाहते. ज्या शाळेने आपल्यापैकी कित्येकांसाठी अशी जागा राखून ठेवली, तिच्या स्मरणिकेत ही एवढी नोंद असावी असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

जय भीम. नमो बुद्धाय.